लागण करणाऱ्याचे नाव

गेल्या वैशाखातली गोष्ट. शाळेचे निकाल लावून आम्ही घरी आलो, तर ओटीवर शेजारच्या वाड्यावरची एक वयस्क बाई बसलेली. आम्ही तिला काकी म्हणतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले दस्तऐवज. त्यातला एक उतारा तिने पुढे केला आणि म्हणाली, "मास्तर, ह्यात माजां नाव खंय आसा, तेवढां माका दाखवा."

आम्ही चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. काकीचे नाव त्यात कोठेच नव्हते. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती त्या कोपऱ्यात सरद लावते. नवरा गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. मेर घालणे, तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, सगळे तिच्या हातचे. पण कागदाच्या लेखी त्या शेतात ती कोणीच नव्हती. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे सहा हजार रुपये आपल्याला का मिळत नाहीत, हे विचारायला ती आली होती. त्याचे उत्तर त्या एका कागदात होते.

भाषा विशेषांकात शेतीच्या अनुदानाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण हा उतारा एकदा नीट वाचून पाहावा. गोव्यात त्याला 'एक-चौदा' म्हणतात. सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या वाचकांना सातबारा ठाऊक आहे, त्याचाच हा गोमंतकीय भाऊ. या छापील नमुन्याची गंमत अशी की त्याचे मथळे इंग्रजीबरोबर देवनागरीतही आहेत, आणि ते देवनागरी मथळे बहुतेक स्वच्छ मराठीत आहेत. कब्जेदाराचे नाव. कुळाचे नाव. फेरफार नंबर. इतर हक्क. शेरा. जमिनीचे प्रकार तर वाचून जीव हरखतो. जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. भातशेतीला 'तरी' म्हणणारा सरकारी कागद आज आणखी किती ठिकाणी सापडेल? 'आकार' या शब्दाशेजारी 'फोर' आणि 'प्रेदियाल' हे पोर्तुगीज अमदानीतले शब्दही देवनागरीत बसलेले आहेत. गोव्याचा सगळा इतिहास त्या एका पानावर उभा आहे म्हणा ना.

मथळे असे, आणि त्यांच्याखाली भरलेला मजकूर मात्र सगळा रोमीत. नावे इंग्रजी लिपीत, गाव इंग्रजीत, शेरे इंग्रजीत. काकीने चौथीपर्यंत मराठी शाळेत शिक्षण घेतले आहे. तिला रकान्यांचे मथळे वाचता आले. त्यांत काय लिहिले आहे ते वाचता आले नाही. म्हणून तिला मास्तर लागला.

आता खरा मुद्दा. त्या पानाच्या तळाशी 'पिकाखालील क्षेत्राचा तपशील' असा भाग आहे. वर्ष, मोसम, पिकाचे नाव असे रकाने तेथे आहेत आणि त्यांतच एक रकाना आहे 'लागण करणाऱ्याचे नाव'. ('लागण' म्हटले की आजकाल रोगाची आठवण होते, पण ऊसवाल्या मुलखात अजून लागणच म्हणतात. लागण म्हणजे लागवड.) हा रकाना कोणा समितीने मागून घेतलेला नव्हे. जमीन महसूल संहिता १९६८ची. तिच्याखाली १९६९ साली जे नियम झाले, त्यांच्या नावातच हक्कनोंद आणि लागवडदारांची नोंदवही अशा दोन गोष्टी आहेत. 'एक' म्हणजे हक्काची नोंद, 'चौदा' म्हणजे पीक आणि कसणारा यांची. शेत कोणाचे आणि शेत करतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या वेळच्या सरकारला पक्के ठाऊक होते. दोन्ही उत्तरे एकाच पानावर यावीत असा तो हिशेब होता.

आम्ही गेल्या काही वर्षांत पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतले पुष्कळ उतारे पाहिले. कोणाचा अर्ज भरायचा, कोणाचे भाषांतर करायचे, या निमित्ताने ते घरी येतात. 'एक' भरलेला असतो. 'चौदा'त बहुतेक ठिकाणी 'निल' असा इंग्रजी शब्द आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेघा. शेतात कमरेएवढे भात डुलत असताना कागदावर पीक निल आणि लागण करणाराही निल.

पैसा जातो तो 'एक'कडे पाहून. पंतप्रधान किसान योजना २०१९च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट बँकेत. आरंभी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती, त्याच वर्षी ती मर्यादा काढून टाकली. पण मूळ अट तीच राहिली. जमीन त्या कुटुंबाच्या नावावर नोंदलेली हवी, आणि तीही १ फेब्रुवारी २०१९ रोजी; त्यानंतर वारसाने आली असेल तरच सूट. आयकर भरणारे, मोठे पेन्शनवाले, डॉक्टर, वकील यांना वगळले आहे, ते योग्यच. पण दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही ही योजना ओळखत नाही. शेतात कोण वाकतो, हा प्रश्नच अर्जात नाही. २०२० साली गोवा सरकारने पोस्टमनांना घरोघर पाठवून अर्ज भरून घेतले, ते काम चांगले होते. पण ज्याचे नावच उताऱ्यात नाही त्याच्या दारी येऊन पोस्टमन तरी काय करणार?

राज्याच्या स्वतःच्या योजना कृषी कार्डावर चालतात. काजू, नारळ, भात यांना आधारभूत किंमत आहे, म्हणजे बाजारभाव कमी पडला तर फरक सरकार देते. २०२३ साली काजूची ही किंमत किलोला दीडशे रुपये, भाताची बावीस आणि नारळाची नगाला पंधरा झाली. तेथे कागदांचा जाच थोडा सैल आहे. तरी जमीनमालकाच्या संमतीचा प्रश्न कोठे ना कोठे आडवा येतोच, आणि मालक संमतीचा कागद सहसा देत नाही. का देत नाही, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात १९६४चा कूळ कायदा आला. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ हा दिवस कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ होता तो कायद्याने शेताचा मालक मानला गेला. आम्ही तेव्हा पहिलीच्या पायरीवर होतो. घरी पेढे वाटल्याचे अंधुक आठवते. कायदा क्रांतिकारक होता यात शंका नाही. पण 'मानला गेला' आणि 'झाला' यांत मामलेदाराची कचेरी आहे. किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची, दाखला घ्यायचा, मग फेरफार करून कुळाच्या रकान्यातले नाव कब्जेदाराच्या रकान्यात आणायचे. ज्यांच्या मागे शिकलेला मुलगा किंवा ओळखीचा वकील होता, त्यांनी ते केले. बाकीच्यांना वाटले, कायदा झाला म्हणजे झाले. आजही कित्येक उताऱ्यांवर आजोबाचे नाव कुळाच्या रकान्यात तसेच बसून आहे आणि वर कब्जेदार म्हणून भाटकार. भाटकार मुंबईत, पोर्तुगालात किंवा स्वर्गात.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्या नावाचा कागद झाला तो उद्या कूळ म्हणून उभा राहील, ही धास्ती भाटकारांच्या मनात तेव्हापासून बसली आहे. हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असा महसुली कायदाच आहे, तेव्हा ती धास्ती अगदीच निराधार नाही. म्हणून पुढच्या पिढीत जे व्यवहार झाले ते सगळे तोंडी. "कर रे शेत, दोन खंडी भात आणून टाक, पण पावती मागू नकोस." काही मालकांनी त्यापेक्षा शेत पड टाकणे पसंत केले. लागण करणाऱ्याचा रकाना रिकामा राहिला तो निव्वळ तलाठ्याच्या आळसाने नव्हे. तो रिकामा असण्यात कोणाचे तरी हित आहे.

डिचोली तालुक्यातल्या मये गावाची कथा याहून न्यारी. या गावाचा फार मोठा भाग पोर्तुगीज काळात मयेच्या कोंदीच्या, म्हणजे काउंटच्या, मालकीचा. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा मालक परदेशी. १९६४च्या निर्वासित मालमत्ता कायद्याखाली ही जमीन सरकारी अभिरक्षकाच्या, कस्टोडियनच्या, ताब्यात गेली. घरे गावकऱ्यांची, कुळागरे त्यांच्या पूर्वजांनी उभी केलेली, शेते त्यांनी कसलेली. उताऱ्यावर मात्र कब्जेदार म्हणून कस्टोडियन. बाकी गोवा मुक्त झाला तरी मये मुक्त व्हायचा आहे, असे त्या गावचे लोक म्हणत, त्यात अतिशयोक्ती नव्हती. घर दुरुस्त करायचे तर परवानगी कोणाची, कर्ज काढायचे तर तारण काय, हीच रड. अखेर लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१४ साली जमिनीवरची जुनी मालकी, किताब आणि देणग्या रद्द करणारा कायदा गोवा विधानसभेने केला आणि पुढे सनदा देण्यास सुरुवात झाली. पण पंतप्रधान किसानची तारीख २०१९ची. त्या तारखेला ज्याची सनद झाली नव्हती, त्याच्या शेताचा मालक कागदोपत्री एक सरकारी अधिकारी होता. आता अधिकाऱ्याला काही आधार कार्ड लावून हप्ता मागता येत नाही, आणि कसणाऱ्यालाही नाही.

मग लिपीचे काय? मालकीचा गुंता सुटलेल्यांनाही एक छोटी गाठ उरते, ती नावाची. पोर्तुगीज कारकुनाने नाईक हे आडनाव लिहिताना शेवटी 'क्यू यू ई' लावले. नंतरच्या सर्वेत इंग्रजीवाल्याने 'के' लावला. आधार कार्ड काढणाऱ्या पोराने मधला 'आय' गाळला. गावकराची तर आम्ही रोमीतली पाच रूपे एकाच कुटुंबात पाहिली आहेत. शेटाच्या आडनावाचा आरंभ जुन्या कागदांत 'एक्स'ने होतो. परबांचे कोठे परब, कोठे पोरोब. संगणकाला हे पाच निरनिराळे इसम वाटतात. २०२२पासून आधारची पडताळणी सक्तीची झाली तेव्हा ज्यांचे हप्ते अडले, त्यांतल्या काहींचे अर्ज आम्ही स्वतः दुरुस्त करून दिले आहेत. त्यांतले एक गृहस्थ प्रतिज्ञापत्रावर सही करताना म्हणाले, "मीच मी, हे लिहून द्यायला पन्नास रुपयांचा कागद!" देवनागरीत नाईक हा नाईकच राहतो. आम्ही जन्मभर ऱ्हस्व-दीर्घासाठी मुलांचे गुण कापले, पण इकारावरून कोणाचा हप्ता अडल्याचे अजून ऐकलेले नाही.

गोव्याचा राजभाषा कायदा १९८७चा. देवनागरी कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामांसाठी मराठीचाही वापर होईल असे त्यात म्हटले आहे. कोकणी-मराठीचा वाद आम्ही येथे काढत नाही. या कागदापुरता तो वादच नाही. कारण दोघींची लिपी एक, आणि त्या लिपीत काकीला स्वतःचे नाव वाचता येते. ते कोकणीत लिहा की मराठीत, नाव एकच.

मात्र आमच्या बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उतारा मराठीत झाला की न्याय झाला, असे मानू नये. पलीकडे सावंतवाडी, दोडामार्गात सातबारा पिढ्यान्‌पिढ्या मराठीत आहे. तेथल्या नोंदलेल्या शेतकऱ्याला केंद्राच्या सहा हजारांवर २०२३पासून राज्याचे नमो शेतकरी योजनेचे आणखी सहा हजार मिळतात. पण तेथेही नाव त्यालाच जे सातबाऱ्यावर. चार भाऊ मुंबईला, सामाईक सातबारा, आणि गावात राहून शेत करणारी भावाची विधवा, अशी घरे कोकणात थोडी नाहीत. आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकरांच्या जमिनी सरकारच्या नावे गेल्या, त्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. तो सगळा कागद मराठीतच होता! भाषा समजली म्हणून अन्याय टळत नाही. तो वाचता येतो, इतकेच. अर्थात वाचता येणे ही पहिली पायरी आहे, असे आम्हा मास्तर मंडळींना वाटणारच.

हा प्रश्न आपल्याच मुलखाचा आहे असेही नव्हे. तेलंगणाने २०१८ साली रयतू बंधू योजना काढली, तीत एकराप्रमाणे पैसे मालकाला गेले, खंडकऱ्याला नाही. ओडिशाने त्यानंतर थोड्याच दिवसांत कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनांनाही धरले. आंध्राने २०१९ साली खंडाने करणाऱ्यांसाठी कायदाच केला. मालकीला धक्का न लावता अकरा महिन्यांचे पत्र देता येईल अशी त्यात सोय आहे. युरोपात तर जितकी हेक्टरे तितके अनुदान, त्यामुळे इंग्लंडच्या राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीचे नाव शेती अनुदान घेणाऱ्यांत निघाले होते. राणी काही लावणीला उतरत नव्हती. तात्पर्य, पैसा जमिनीवर ठेवला की तो जमिनीच्या धन्याकडे घरंगळतो. त्याला मधल्या मेरेवर अडवायचा तर कसणाऱ्याची नोंद लागते.

ती नोंद करणे अशक्य आहे का? डिचोली तालुक्यात खाणी चालू होत्या तेव्हा पावसाळ्यात खनिजाचा गाळ शेतात उतरे आणि त्याबद्दल शेतकऱ्यांना दरवर्षी काही भरपाई दिली जाई. अशाच एका गावी आमची नेमणूक असताना यादी करण्याच्या बैठकीला लिहिणारा म्हणून आम्हांला बसवले. देवळाच्या मंडपात संध्याकाळी कंदील घेऊन मंडळी बसली. एकेक कोपरा, एकेक मळा नावाने घेतला गेला. "पिंपळाखालचा कोपरा कोण करतो?" "अमकी." "मालक कोण?" "तो हंय खंय आसा!" दोन ठिकाणी भांडण झाले, एके ठिकाणी शिवीगाळ. रात्री साडेदहापर्यंत शंभर पानी वहीत यादी पूर्ण, सगळी देवनागरीत. त्या यादीत बायकांची नावे किती आली हे पाहून आम्हीच चकित झालो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो म्हणून आपण व्याख्याने देतो. उताऱ्यावर मात्र पुष्कळदा पुरुषाचेच नाव. त्या वहीत बाई होती, कारण प्रश्न मालकीचा नव्हता, लावणीचा होता.

आमची मराठीची समिती. आम्ही तिचे जुने सभासद. शाळा, फलक, परिपत्रके, साहित्य संमेलन यांवर आम्ही शेकडो ठराव केले, निवेदने दिली. ज्या कागदावर माणसाच्या ताटातला भात अवलंबून आहे त्याबद्दल आमच्या ठराववहीत एक ओळ नव्हती. काकी आली नसती तर अजूनही नसती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

त्यानंतर आम्ही एक साधा उद्योग केला. पंतप्रधान किसानच्या लाभार्थ्यांची गाववार यादी संगणकावर कोणालाही पाहता येते. ती अर्थात रोमीत. ती छापून घेतली, आमच्या नववीच्या दोन मुलींनी देवनागरीत उतरवली, आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचली. कुजबुज झाली. दोन नावे अशी निघाली की त्यांच्या शेतात गेली दहा वर्षे गवताशिवाय काही उगवलेले नाही, हे सगळ्या सभेला ठाऊक. कायद्याने त्यांचे काही चुकलेले नाही, हे आम्ही तेथेच सांगितले. एक नाव मात्र कोणालाच ओळखेना. हा कोण, परगावचा की काय, म्हणून चर्चा चालली. शेवटी मागच्या बाकावरचे एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "अरे, तो मीच मरे!" रोमी स्पेलिंगाने त्यांचे पार दुसरेच नाव करून ठेवले होते. सभा पाच मिनिटे हसत होती.

ग्रामसभेने मग ठराव घेतला की गावातल्या उताऱ्यांवरचा पीकपाण्याचा भाग प्रत्यक्ष पाहणी करून भरावा आणि लागण करणाऱ्याचे नाव देवनागरीतही लिहावे. एका भाटकाराच्या मुखत्याराने विरोध नोंदवला. तोही इतिवृत्तात घेतला आहे. मालकांची धास्ती दूर करायची तर आंध्रासारखे कमी मुदतीचे पत्र गोव्यातही असावे, ही सूचना आम्ही जोडली आहे. काहींना ती कुळांशी बेइमानी वाटली. आम्हांला तसे वाटत नाही, कारण कुळाचा हक्क सांगणारा रकाना वेगळा आहे आणि तो तसाच राहावा.

काकीचा अर्ज आम्ही दोन भागांत केला. सासऱ्याचे नाव कुळाच्या रकान्यात आहे, त्याच्या वारसांची नोंद व्हावी हा एक. आणि लागण करणाऱ्याच्या रकान्यात तिचे नाव यावे हा दुसरा. अर्ज मराठीत लिहिला. खिडकीवरच्या कारकुनाने तो उलटा-सुलटा करून पाहिला, इंग्रजीत आणा म्हणाला. आम्ही राजभाषा कायद्याचे नाव घेतल्यावर आत जाऊन आला आणि शिक्का मारला. पोच घेताना काकीने ती दोनदा वाचली आणि पिशवीतल्या प्लास्टिकमध्ये सर्वांत वर ठेवली. सुनावणीची तारीख चतुर्थीनंतरची पडली आहे. तोवर सरद कापणीला येईल.